ड्रेसिंगच्या वेळी बर्फ: सिअ‍ॅटलच्या 'स्नोवर्ल्ड'चं प्रकरण

भाजलेल्या माणसाचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं. एक दिवसभर ठसठसत राहणारं. मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधं नीट दिली तर ते बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. दुसरं ठरलेल्या वेळी येतं, ड्रेसिंगच्या वेळी. जुन्या पट्ट्या सोडवायच्या, जखम धुवायची, मेलेली कातडी घासून काढायची, मलम लावून नव्या पट्ट्या बांधायच्या. हे टाळलं तर जंतुसंसर्ग होतो, म्हणून आठवडेच्या आठवडे, बहुधा रोजच्या रोज, ते करावंच लागतं. त्यानंतर फिजिओथेरपी असते. नवी कातडी आखडून सांधा कायमचा वाकडा होऊ नये म्हणून तीच दुखरी कातडी ताणायची.

या दुसऱ्या दुखण्यापुढे औषध अपुरं पडतं. मात्रा वाढवावी तर श्वास मंदावतो, रुग्ण गुंगीत जातो, पोट बिघडतं, आणि दिवस सरतील तशी शरीराला औषधाची सवय होऊन तीच मात्रा कमी पडू लागते. म्हणजे एखाद्या तासाच्या असह्य वेदनेसाठी दिवसभराचं औषध चढवत नेता येत नाही. शिवाय भीती असतेच. कालचं ड्रेसिंग आठवत असताना आजच्याची वाट बघणं हासुद्धा दुखण्याचाच भाग.

या एका तासासाठी अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे 'स्नोवर्ल्ड' हे आभासी जग (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, थोडक्यात व्हीआर) घडवलं गेलं, त्याची ही हकिकत. रुग्णालयातल्या रुग्णाला बरं वाटावं म्हणून तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की आपल्याकडे गाडी टीव्ही, टॅबलेट आणि भिंतीवरच्या कार्टूनवर येऊन थांबते. त्यामुळे हे प्रकरण बारकाईने बघण्यासारखं आहे.

माणसं आणि जागा

हार्बरव्ह्यू मेडिकल सेंटर हे सिअ‍ॅटलमधलं मोठं रुग्णालय. वॉशिंग्टन, अलास्का, मॉन्टाना आणि आयडाहो या चार राज्यांतले गंभीर भाजलेले रुग्ण तिथल्या बर्न सेंटरमध्ये येतात. डेव्हिड पॅटरसन हे तिथले मानसशास्त्रज्ञ. भाजलेल्या रुग्णांच्या वेदनेवर ते संमोहनाचा वापर करत आले होते. त्याच शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, 'ह्यूमन इंटरफेस टेक्नॉलॉजी लॅब' ही प्रयोगशाळा होती. ती १९८९ मध्ये टॉम फर्नेस यांनी सुरू केली. फर्नेस त्याआधी अमेरिकी हवाई दलात होते. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला सगळी माहिती हेल्मेटमधल्या पडद्यावर दिसावी, यावर त्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं होतं. डोळ्यांसमोर एक वेगळं जग उभं करणारं हे तंत्र वैमानिकाचं लक्ष एका जागी आणण्यासाठी घडलं होतं. बर्न वॉर्डात त्याचा उपयोग लक्ष दुसरीकडे नेण्यासाठी होणार होता.

प्रयोगशाळेतले हंटर हॉफमन हे आकलनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. ते तेव्हा कोळ्याच्या भीतीवर काम करत होते. कोळी दिसला की थरथरणाऱ्या माणसाला आभासी स्वयंपाकघरात न्यायचं, तिथे आभासी कोळी दाखवायचा, पुढे खेळण्यातला केसाळ कोळी प्रत्यक्ष हाताला लागेल अशी सोय करायची आणि भीती हळूहळू मोडायची. १९९६ मध्ये हॉफमन आणि पॅटरसन एकत्र आले. संमोहनात पॅटरसन रुग्णाचं लक्ष शब्दांनी दुसरीकडे नेत होते. तेच काम हेल्मेट करू शकेल का, हा त्यांचा प्रश्न.

त्यामागचा विचार साधा आहे. दुखण्याचा संदेश जखमेतून निघतो, पण वेदना जाणवायला लक्ष लागतं, आणि माणसाकडे लक्षाचा साठा मर्यादित असतो. डोळे, कान आणि हात एकाच वेळी दुसऱ्या कामात गुंतले तर दुखण्याच्या वाट्याला कमी लक्ष उरतं. आपल्याकडे इंजेक्शन देताना सिस्टर मुलाला विचारते, "शाळेत कोणत्या इयत्तेत आहेस रे?" तेही हेच. फक्त ती युक्ती दोन सेकंद पुरते आणि ड्रेसिंग तासभर चालतं.

पहिली परीक्षा आणि तिची चुरस

पहिला अहवाल २००० मध्ये 'पेन' या नियतकालिकात आला. रुग्ण दोनच, दोघेही किशोरवयीन: एक १६ वर्षांचा, दुसरा १७ वर्षांचा, दोघेही पेट्रोलच्या भडक्यात भाजलेले. एकाच्या पायावरचे शस्त्रक्रियेचे स्टेपल काढायचे होते. दुसऱ्याचं सुमारे एक तृतीयांश अंग भाजलं होतं.

या अहवालाची खरी ताकद तुलनेत आहे. व्हीआर आणि काहीच नाही, अशी सोपी तुलना त्यांनी केली नाही. एकाच ड्रेसिंगमध्ये काही वेळ निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम आणि काही वेळ व्हीआर अशी वाटणी केली. पोरांच्या आवडीचा, चांगला बनवलेला गेम एका बाजूला आणि कोळ्याच्या भीतीसाठी केलेलं, चित्र म्हणून बेताचंच असलेलं स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला. मनोरंजनाचा सामना असता तर निन्टेन्डो सहज जिंकला असता. तरी दोन्ही मुलांनी व्हीआरमध्ये दुखणं कितीतरी कमी सांगितलं.

कारण उघड आहे, पण डिझाइन करणाऱ्याच्या ते चटकन ध्यानात येत नाही. टीव्हीच्या पडद्यावर कितीही रंगलेला खेळ असो, नजर खाली वळवली की स्वतःचा उघडा पाय आणि सिस्टरच्या हातातला चिमटा दिसतो, आणि दुखतं तिकडे नजर वळतेच. हेल्मेटमध्ये खाली पाहिलं तर तिथेही त्या दुसऱ्या जगाचीच जमीन दिसते. कानांवर हेडफोन असल्याने भांड्यांचा आणि चिमट्यांचा आवाजही अडतो.

तरी स्वयंपाकघर ही जागा काही भाजलेल्या माणसासाठी निवडलेली नव्हती, ती हाताशी होती इतकंच. आपल्याकडे असा प्रयोग कुणी त्याच दृश्याने सुरू केला असता तर मी त्याला थांबवलं असतं. आपल्या वॉर्डातल्या कितीतरी बायका भाजलेल्या असतात त्या नेमक्या तिथेच.

बर्फाचं जग कसं रचलं

मग खास भाजलेल्यांसाठी जग रचलं गेलं, 'स्नोवर्ल्ड'. आग नको म्हणून बर्फ. रुग्ण बर्फाळ दरीतून संथ तरंगत जातो. खाली निळसर नदी, बाजूला धबधबे, वरून हिमकण. वाटेत स्नोमॅन, इग्लू, पेंग्विन, यंत्रमानव भेटतात. त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे. स्नोमॅनला गोळा लागला की बर्फाची भुकटी उडते, पेंग्विन ओरडून उलटा होतो, यंत्रमानव लोखंडाचा ढिगारा होऊन कोसळतो. सोबत उडत्या चालीचं गाणं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर-ह्यूइट डिझाइन संग्रहालयाने हे जग आपल्या राष्ट्रीय डिझाइन प्रदर्शनात मांडलं.

बाहेरून पोरखेळ वाटतो. आतून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक गोष्ट वॉर्डाकडे बघून ठरलेली दिसते. वाट आधीच आखलेली आहे आणि वेग कमी. मॉर्फिनने आधीच मळमळत असलेल्या माणसाला आभासी जगात गरगर फिरवलं तर तो ओकेल, आणि पुढचं ड्रेसिंग त्या आठवणीसकट येईल. खेळ शिकवावा लागत नाही: बघायचं आणि फेकायचं. गुंगीतल्या माणसाला पाच बटणं लक्षात ठेवायला लावणं हा छळच. हरण्याची सोय नाही, त्यामुळे एखादा रुग्ण नुसताच बघत राहिला तरी चालतं. वाचायला लावणारं काही नाही, म्हणून नऊ वर्षांचं पोर आणि चाळिशीचा माणूस एकाच जगात जाऊ शकतात.

बर्फाबद्दल मात्र मला शंका आहे. गार वाटावं म्हणून बर्फ हे सिअ‍ॅटलमध्ये पटतं. ज्याने बर्फ फक्त फ्रिजात आणि सिनेमात पाहिलाय, त्या यवतमाळच्या माणसाला श्रावणातला घाट जास्त गार वाटेल: धुकं, कड्यावरून कोसळणारं पाणी, ओली भातखाचरं. महत्त्वाचं काय, तर गारवा, संथ वेग आणि डोळाभर पसरलेलं दृश्य. पेंग्विनच्या जागी खेकडे आले तरी बिघडत नाही.

'डोळाभर' ही अट तर मोजून पाहिलेली आहे. २००६ मध्ये हॉफमन यांच्या गटाने निरोगी तरुणांना थोड्या वेळाचा, सोसण्याइतका उष्णतेचा चटका देऊन दोन प्रकारचे चष्मे लावले. एकात दृश्य ६० अंश रुंद, दुसऱ्यात ३५ अंश. जग तेच, बर्फ तोच. रुंद चष्म्यात ६५ टक्के लोकांचं दुखणं लक्षणीय कमी झालं, अरुंद चष्म्यात फक्त २९ टक्के लोकांचं. याचा अर्थ स्वस्त चष्मा घेऊन 'व्हीआर वापरून पाहिलं, उपयोग नाही' म्हणणाऱ्या रुग्णालयाने कदाचित व्हीआर वापरलेलंच नसतं.

दुसरी अट आहे हात गुंतण्याची, आणि मला या प्रकरणातली तीच सगळ्यात मोलाची वाटते. २००९ च्या एका अभ्यासात २१ निरोगी लोकांना तेच बर्फाचं जग दाखवलं. सुमारे निम्म्यांच्या हातात ट्रॅकबॉल (माऊससारखा, पण गोळा फिरवून चालवायचा) होता, त्यांना बघता-फेकता येत होतं. बाकीच्यांनी नुसतं पाहिलं. ज्यांच्या हातात काही होतं, त्यांच्या सगळ्यात तीव्र दुखण्यात झालेली घट नुसतं पाहणाऱ्यांच्या घटीपेक्षा सुमारे तीन चतुर्थांशाने अधिक भरली. चित्रपट दाखवणं आणि खेळायला देणं यांतलं अंतर एवढं मोठं आहे. रुग्णालयात पडलेल्या माणसाच्या अंगावर दिवसभर इतर लोक काही ना काही करत असतात: सुई टोचतात, कूस बदलतात, पट्टी सोडतात. त्या तासात तो स्वतः एक गोष्ट करतो, मग ती पेंग्विनवर गोळा मारण्याइतकी फुटकळ का असेना.

मेंदूत काय होतं तेही पाहिलं गेलं. एमआरआयच्या चुंबकात धातूचं हेल्मेट नेता येत नाही, म्हणून काचतंतूंमधून चित्र आणणारा वेगळा चष्मा केला. २००४ च्या त्या प्रयोगात आठ निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका दिला. बर्फाच्या जगात असताना वेदनेशी जोडलेल्या मेंदूच्या पाचही भागांतली हालचाल निम्म्याहून अधिक घटली. रुग्ण डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून 'कमी दुखलं' म्हणतो, हा आक्षेप त्यामुळे बराच बोथट झाला.

पाणी, कान आणि टाळू

खरी परीक्षा यापुढे होती. मोठ्या जखमा पाण्याच्या टाकीत धुतल्या जातात. रुग्ण अर्धा पाण्यात, सिस्टर जखम घासतेय, आणि डोक्यावर विजेवर चालणारं हेल्मेट. हे कुठलाही डॉक्टर होऊ देणार नाही, आणि बरोबरच आहे. म्हणजे जिथे दुखणं सगळ्यात जास्त, तिथेच यंत्राला बंदी.

प्रयोगशाळेने एमआरआयसाठी वापरलेली युक्ती इथेही आणली. विजेचा सगळा भाग पाण्यापासून लांब ठेवायचा आणि फक्त प्रकाश काचतंतूंच्या जुडीतून डोळ्यांपर्यंत आणायचा. डोक्यावरच्या भागात वीजच नाही. २००८ मध्ये या हेल्मेटचा अहवाल आला. टाकीत जखम धुऊन घेणारे ११ रुग्ण, वय ९ ते ४०. प्रत्येकाला तीन मिनिटं व्हीआरसह आणि तीन मिनिटं व्हीआरशिवाय. सगळ्यात तीव्र दुखण्याचा आकडा दहापैकी सरासरी ७.६ वरून ५.१ वर आला. ज्या सहा जणांना आपण खरोखर त्या जगात गेलोय असं सगळ्यात जास्त वाटलं, त्यांच्यात तो ७.२ वरून ३.७ झाला. डॉक्टरांच्या भाषेत 'तीव्र'वरून 'सौम्य'.

दुसरी अडचण डोक्याचीच. चेहरा, कान, टाळू भाजलेल्या माणसाला पट्टा आवळून हेल्मेट घालायचं कसं? आणि भडक्यात भाजलेल्यांचा चेहरा बऱ्याचदा सुटत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातल्या बॉम्बस्फोटांत भाजून टेक्सासच्या सॅन अँटोनियो इथल्या लष्करी रुग्णालयात आलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी यावर तोड काढली गेली. चष्मा डोक्यावर नाही, तर पलंगाशेजारच्या सांध्यासांध्याच्या यांत्रिक हातावर बसवला. तो डोळ्यांसमोर येऊन थांबतो, सगळा भार हात पेलतो, कातडीला जवळजवळ काहीच लागत नाही. डोकं वळवून बघण्याची सोय त्यात गेली, ते काम माऊसने भागवलं. शुद्ध व्हीआरवाल्याला ही तडजोड खटकेल. मला हाच या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. २०११ च्या अहवालात असे १२ सैनिक आहेत. ड्रेसिंगच्या वेळेपैकी किती वेळ दुखण्याचाच विचार मनात होता, असं विचारल्यावर व्हीआरशिवाय सरासरी उत्तर ७६ टक्के आलं, व्हीआरमध्ये २२ टक्के.

हात भाजले असतील तर माऊस कसा धरायचा, हा प्रश्न राहतोच. उरलेला चांगला हात असेल तर ठीक. अलीकडे नजरेचा माग घेणारे चष्मे आले आहेत, ज्यात बघितलं की नेम लागतो. निरोगी स्वयंसेवकांवर त्याचीही चाचणी झाली आहे आणि त्यातही दुखणं कमी झालेलं दिसलं.

आकड्यांचं वजन

इतकं सांगून झाल्यावर थोडा हात आखडता घ्यायला हवा. वरचे जवळजवळ सगळे अभ्यास लहान आहेत: दोन रुग्ण, अकरा, बारा. व्हीआरची वेळ कित्येकदा काही मिनिटांची. चष्मा आहे की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे गोळीच्या चाचणीत जसा आंधळेपणा पाळतात (खरी गोळी कुणाला, खोटी कुणाला हे रुग्णाला कळू न देणं) तसा इथे पाळता येत नाही. सवय होऊन परिणाम ओसरेल ही भीती होती. २००१ च्या एका अभ्यासात सात रुग्णांना प्रत्येकी किमान तीन वेळा व्हीआर दिलं, आणि परिणाम टिकून होता. पण सातच रुग्ण. शिवाय हे सगळे रुग्ण नेहमीची औषधं घेतच होते. औषध बंद करून चष्मा द्या, असं या मंडळींनी कुठेही म्हटलेलं नाही. चष्मा काढला की दुखणं परत आपल्या जागी येतं, हेही धरून चालावं.

खर्चाचं गणित दरम्यान पार बदललं. सुरुवातीची हेल्मेटं आणि ती चालवणारे संगणक कुठल्याही साध्या रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे खेळांसाठी केलेला ऑक्युलस रिफ्ट काहीशे डॉलरमध्ये आला. २०१४ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी तोच चष्मा यांत्रिक हातावर बसवून एका ११ वर्षांच्या भाजलेल्या मुलावर थेरपीच्या वेळी वापरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेदनेवरच्या एका व्हीआर यंत्रणेला परवानगी दिली. ती होती जुनाट कंबरदुखीसाठी, रुग्णाने घरी बसून आठ आठवडे वापरायची. बर्न वॉर्डासाठी नव्हे. घरी वापरायच्या चष्म्याला पाण्याची टाकी नसते, जंतुसंसर्ग नसतो, सिस्टरचा वेळ लागत नाही. धंद्याच्या हिशेबाने वाट तिकडेच वळणार.

आपल्या वॉर्डात

केंद्र सरकारच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमाच्या कागदांत देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि १ लाख ४० हजार दगावतात, असा अंदाज दिलेला असतो. तेव्हा हे प्रकरण वाचून आपल्याकडच्या कुणा डॉक्टरला किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्याला चष्मा विकत घ्यावासा वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं, चष्मा सगळ्यात शेवटी घ्या. आधी आठवडाभर ड्रेसिंगच्या खोलीत कोपऱ्यात उभं राहा. एका सिस्टरच्या वाट्याला सकाळच्या पाळीत किती ड्रेसिंगं येतात ते मोजा. चष्मा लावायला, काढायला आणि पुसायला प्रत्येक रुग्णामागे दहा मिनिटं जाणार असतील, तर तिसऱ्या दिवशी तो कपाटात जाईल, आणि त्यात तिचा काही दोष नसेल. बाजारातल्या चष्म्याच्या कडेला फोम असतो. तो भिजतो, रस शोषतो, उकळता येत नाही. उघड्या जखमांच्या वॉर्डात एकाचा फोम दुसऱ्याच्या तोंडाला लावणं म्हणजे जंतू वाटणं. पुसता येणारं आवरण किंवा रुग्णागणिक फेकून द्यायचा कागदी मुखवटा, यांपैकी काय, हे पहिल्या दिवशीच ठरायला हवं. आणि पट्ट्यांऐवजी एक आडवा-उभा वळणारा हात. तो परदेशातून मागवायची गरज नाही, दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीचे दिवे ज्यावर फिरतात तसलाच हात गावातला फॅब्रिकेशनवाला करून देईल.

वीज जाते तेव्हा काय होतं, हेही त्याच आठवड्यात कळेल. जग अचानक काळं झालं आणि हात मात्र जखमेवर चालूच राहिले, तर त्या रुग्णाच्या डोळ्यांवर चष्मा परत बसवता येणार नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा चष्माच बरा. आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला शेजारच्या छोट्या पडद्यावर रुग्ण काय बघतोय ते दिसत असावं, म्हणजे त्याने गोळा मारला की "लागला बघा" म्हणता येतं, आणि चिकटलेली पट्टी नेमक्या त्या क्षणी ओढता येते.